शाई की चिठ्ठी? बेडकाच्या अंड्यात सापडलेल्या परवान्याचं प्रकरण

झेनोपस नावाच्या आफ्रिकी बेडकाचं अंडं फलित झालं की पहिल्या विभाजनाला साधारण दीड तास लागतो. त्यानंतर घाई सुरू होते. दर अर्ध्या तासाला एक विभाजन, आणि सहा-सात तासांत एका पेशीच्या सुमारे चार हजार पेशी. या अर्ध्या तासात पेशीने दोन भागही व्हायचं आणि त्याआधी सगळ्या डीएनएची प्रतही काढायची. प्रतीच्या वाट्याला येतात जेमतेम २० मिनिटं, आणि काम आहे सुमारे ३०० कोटी बेसजोड्यांच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांच्या, जनुकसंचाचं.

हे कसं जमतं ते कळण्यासाठी माणसाच्या पेशीचा हिशेब मांडून पाहू. आपलं पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र जवळजवळ २५ कोटी बेसजोड्यांचं आहे. प्रत काढणारी यंत्रणा मिनिटाला फार तर दोनेक हजार बेस पुढे सरकते. गुणसूत्राच्या मधोमध एकाच जागी सुरुवात करून दोन्ही दिशांना काम चालू ठेवलं, तरी टोकं गाठायला ४३ दिवस लागतील. प्रत्यक्षात आपल्या पेशी हे आठेक तासांत उरकतात, कारण सुरुवात एका जागी होतच नाही. सगळी गुणसूत्रं मिळून ती ३० ते ५० हजार जागी होते. बेडकाच्या भ्रूणात तर दर ५ ते १५ हजार बेसजोड्यांमागे एक सुरुवात असते.

घोडं पेंड खातं ते पुढेच. इतक्या जागांपैकी एकही जागा त्याच फेरीत दुसऱ्यांदा सुरू होता कामा नये. एस टप्पा, म्हणजे प्रत काढण्याचा टप्पा, निम्मा झालाय असं समजा. गुणसूत्राचे काही तुकडे दुप्पट झालेत, काहींना अजून हातही लागलेला नाही. दोन्ही तुकड्यांतला डीएनए रसायन म्हणून सारखाच. मग हा झाला आणि तो राहिला हे यंत्रणेला कोण सांगतं? ई. कोलाय जिवाणूत नव्या साखळीवर मिथाइलच्या खुणा उमटायला थोडा वेळ लागतो, आणि त्या अर्धवट खुणांच्या आधारे सुरुवातीची एकमेव जागा काही काळ झाकून ठेवली जाते. प्राण्यांच्या पेशींनी हा मार्ग घेतलेला नाही.

चूक झाली तर ती महागात पडते. एकदा उघडलेल्या बुडबुड्याच्या, म्हणजे प्रत काढायला पदर विलग झालेल्या भागाच्या, पोटात दुसरा बुडबुडा उघडतो, मागून येणारी यंत्रणा पुढच्या अडलेल्या यंत्रणेवर आदळते, धागा तुटतो, एखाद्या जनुकाच्या जादा प्रती होऊन बसतात. कर्करोगाच्या पेशींत दिसणारी बरीचशी मोडतोड याच जातीची असते.

हा विषय शिकवताना मी मतदान केंद्राचा दाखला देतो, कारण सगळा पेच त्यात नेमका बसतो. एका माणसाने दोनदा मत देऊ नये यासाठी दोन उपाय आहेत. एक, मत दिलेल्याच्या बोटाला शाई लावायची. दोन, प्रत्येकाला आधी एकच चिठ्ठी वाटायची. ती पेटीत पडली की संपली, शाईची गरज नाही. पहिल्या उपायात खूण झालेल्या कामावर असते, दुसऱ्यात न झालेल्या कामावर. दुसऱ्या उपायाला मात्र एक अट आहे. चिठ्ठ्यांचं वाटप आणि मतदान एकाच वेळी चालू असलं तर मत देऊन आलेला माणूस पुन्हा वाटपाच्या रांगेत उभा राहील. म्हणून वाटपाची खिडकी पूर्ण बंद झाल्यावरच मतदान सुरू करायचं. हे प्रकरण म्हणजे त्या खिडकीचा शोध आहे आणि त्याला तीस वर्षं लागली.

डेन्व्हर, १९७०

पहिला धागा मिळाला तो कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये. भारतातून तिथे गेलेले पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन हे दोघं हीला पेशींच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कर्करोग पेशींच्या, जोड्या लावत होते. अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेला सेंदाई विषाणू पेशींवर टाकला की शेजारच्या दोन पेशींची पटलं एक होतात आणि एकाच पेशीद्रव्यात दोन केंद्रकं नांदू लागतात. त्यासाठी आधी सगळ्या पेशी चक्राच्या एकाच टप्प्यावर आणाव्या लागतात. थायमिडिनचा जादा डोस देऊन त्या अडवायच्या, आणि विभाजनात पकडायच्या असतील तर दाबाखाली नायट्रस ऑक्साइड द्यायचा, दंतवैद्याकडचा तोच हसवणारा वायू. वायूची ही युक्ती रावांनी दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध केली होती.

जोड्यांमधून तीन गोष्टी दिसल्या. प्रत काढण्याची तयारी करणारं जी-१ टप्प्यातलं केंद्रक एस टप्प्यातल्या पेशीशी जोडलं, तर ते वेळेआधीच कामाला लागायचं. एस टप्प्यातली दोन केंद्रकं आणि जी-१ मधलं एक असेल तर आणखी लवकर. म्हणजे सुरुवातीचा हुकूम पेशीद्रव्यातून येतो. प्रत काढून विभाजनाची वाट पाहणारं जी-२ टप्प्यातलं केंद्रक त्याच एस टप्प्यातल्या पेशीत टाकलं, तर ते ढिम्म. शेजारचं केंद्रक जोमाने डीएनए बनवतंय, हुकूम दोघांच्याही कानावर पडतोय, पण जी-२चं केंद्रक जागचं हलत नाही. तिसरी गोष्ट अशी की जी-१ आणि जी-२ यांची जोडी लावली तर जी-२चं केंद्रक जी-१ला रोखतही नाही.

या तिसऱ्या निष्कर्षाकडे वाचणाऱ्यांचं लक्ष सहसा जात नाही. मला तो सर्वांत बोलका वाटतो. जी-२च्या केंद्रकातून ‘आता पुरे’ असा काही पदार्थ पेशीभर पसरत असता, तर जी-१ही थांबलं असतं. ते थांबलं नाही. नकार त्या एका केंद्रकापुरता होता. पण तो कशामुळे? बोटाला शाई लागली होती म्हणून, की हातात चिठ्ठी उरली नव्हती म्हणून? हीला पेशी जोडून याचं उत्तर मिळणार नव्हतं. केंद्रक पेशीबाहेर काढून त्याच्यावर हवं ते करता यायला हवं होतं.

अंड्यांचा रस

इथे बेडूक येतो. त्याचं प्रयोगशाळांत येणंही मजेशीर आहे. १९३०च्या आसपास लॅन्सलॉट हॉग्बेन यांना केप टाउनमध्ये कळलं होतं की संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की झेनोपसची मादी अंडी घालते. त्यातून गर्भनिदानाची चाचणी निघाली: बाईच्या लघवीचं इंजेक्शन बेडकीला द्यायचं, काही तासांत अंडी आली तर दिवस राहिलेत असं समजायचं. त्यासाठी हे बेडूक जहाजांतून जगभर गेले. रासायनिक चाचण्या आल्यावर इस्पितळांना ते नकोसे झाले, पण तोवर जीवशास्त्रज्ञांच्या टाक्यांत त्यांचा संसार थाटला होता. अंडी मिळवण्यासाठी आजही गर्भारपणातलं तेच संप्रेरक टोचतात.

केंब्रिजमध्ये रिचर्ड हारलँड आणि रॉन लास्की यांनी १९८० मध्ये झेनोपसच्या अंड्यात परका डीएनए टोचून पाहिला होता. कुठलाही डीएनए चालला. अगदी जिवाणूतल्या प्लाझमिडचीही, म्हणजे डीएनएच्या लहानशा गोल तुकड्याचीही, प्रत निघाली, आणि एका पेशीचक्रात एकदाच निघाली. यावरून दोन गोष्टी ठरल्या. सुरुवातीसाठी ठरावीक अक्षरांची ओळ लागत नाही, निदान बेडकाच्या अंड्यात तरी. आणि ‘एकदाच’ हा नियम त्या डीएनएच्या जातकुळीवर अवलंबून नाही.

पुढची पायरी टोरांटोतल्या मॅनफ्रेड लोका आणि योशिओ मसुई यांनी १९८३ मध्ये दाखवली. अंडी फोडून काढलेल्या रसातही केंद्रकं बनतात आणि मोडतात. लास्की यांचा विद्यार्थी ज्युलियन ब्लो याने झेनोपसच्या अंड्यांपासून असा रस तयार केला, ज्यात डीएनएची पूर्ण प्रत निघत असे. ते काम १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. कृती वाचायला एखाद्या पाककृतीसारखी आहे. सिस्टीनच्या द्रावणात अंड्यांवरचा चिकट थर विरघळवायचा, अंडी नळीत घट्ट बसवायची आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चिरडायची. वर पिवळी चरबी येते, तळाशी बलक आणि काळं रंगद्रव्य बसतं, मधला थर आपल्या कामाचा. त्यात पटल काढून टाकलेली शुक्रपेशींची केंद्रकं घातली की अर्ध्या तासात त्यांच्याभोवती नवं केंद्रकपटल तयार होतं आणि प्रत काढायला सुरुवात होते. एका अंड्यात हजारो पेशींना पुरेल इतका माल साठवलेला असतो, त्यामुळे काही कमी पडत नाही. पेशी जिवंत ठेवायची काळजी नाही, विष घालायला हरकत नाही, रस बदलायला हरकत नाही.

ब्लो आणि लास्की यांचा १९८८ चा प्रयोग कागदावर साधा दिसतो. सायक्लोहेक्झिमाइड घालून रसातली प्रथिननिर्मिती थांबवायची. विभाजनाला लागणारं सायक्लिन हे प्रथिन बनत नाही, म्हणून विभाजन होत नाही, आणि एकदा प्रत काढून झालेली केंद्रकं तिथेच अडकून राहतात. ती उचलून ताज्या रसात टाकली. काही झालं नाही. राव आणि जॉन्सन यांच्या जी-२च्या केंद्रकासारखीच ती ढिम्म राहिली. त्यांना विभाजनातून जाऊ दिलं तर मात्र नव्या रसात पुन्हा पूर्ण प्रत निघाली. यानंतर खरा डाव टाकला. विभाजन होऊ न देता केंद्रकपटलाला नुसती भोकं पाडली आणि मग केंद्रकं ताज्या रसात ठेवली. त्यांनी दुसऱ्यांदा प्रत काढली.

दुसऱ्यांदा काढली हे कशावरून? थायमिडिनच्या जागी ब्रोमीन असलेला जड भाऊबंद दिला की नवी साखळी वजनदार होते. एकदा प्रत निघाली तर एक साखळी जड आणि एक हलकी, दोनदा निघाली तर निम्म्या डीएनएत दोन्ही जड. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात तासन्‌तास फिरवलं की हे दोन प्रकार वेगवेगळ्या पातळीवर स्थिरावतात. शंकेला जागा राहत नाही.

यावरून त्यांनी मांडलेली कल्पना अशी: सुरुवातीसाठी लागणारा एक घटक पेशीद्रव्यात असतो, पण तो केंद्रकपटल ओलांडू शकत नाही. विभाजनात पटल विरघळतं तेव्हा तो डीएनएवर जाऊन बसतो, म्हणजे परवाना मिळतो. नवं पटल बनल्यावर आत जेवढे परवाने अडकले तेवढेच. सुरुवात होताना प्रत्येक परवाना खर्च होतो, आणि पुढचे मिळतात ते पुढच्या विभाजनातच. नाव ठेवलं लायसन्सिंग फॅक्टर. आपल्या भाषेत बोलायचं तर त्यांचा कौल चिठ्ठीच्या बाजूने होता, आणि वाटपाची खिडकी बंद करण्याचं काम त्यांनी केंद्रकपटलाकडे दिलं होतं.

परवाना नेमका कोण?

त्या घटकाचा मागोवा घ्यायला सात वर्षं गेली. ६-डीएमएपी नावाचं संयुग घातलेल्या रसात परवाने मिळत नाहीत, इतर यंत्रणा मात्र शाबूत राहते, हे लक्षात आल्यावर शोधाला हत्यार मिळालं. तसा निकामी केलेला रस घ्यायचा, चांगल्या रसाचे गाळून गाळून भाग करायचे आणि कोणता भाग घातल्यावर काम पुन्हा सुरू होतं ते बघायचं. एकाऐवजी दोन भाग लागतात असं निघालं. एकाला म्हणायला लागले एम, दुसऱ्याला बी.

१९९५ मध्ये ब्लो यांचा गट, लास्की यांचा गट आणि जपानमधल्या ओसाकाचा एक गट, तिघंही जवळपास एकाच वेळी एमच्या ओळखीवर पोचले. ती एमसीएम प्रथिनं निघाली. हे नाव यीस्टच्या अभ्यासातून आलेलं. कॉर्नेल विद्यापीठात बिक-क्वून टाय यांच्याबरोबर ग्रेगरी मेन आणि प्रतिमा सिन्हा यांनी १९८४ मध्ये लहानशी कृत्रिम गुणसूत्रं सांभाळू न शकणारी यीस्टची वाणं शोधली होती, त्यांतून ही जनुकं हाती लागली. परवान्याच्या शोधाशी त्या कामाचा तेव्हा काही संबंध नव्हता.

सहा एमसीएम प्रथिनं मिळून एक कडं होतं. अशी दोन कडी समोरासमोर डोकं टेकवून डीएनएच्या दुपदरी धाग्यावर ओवली जातात आणि नुसती बसून राहतात. त्यांना तिथे बसवायला तिघं लागतात: जागा धरून ठेवणारं ओआरसी हे सहा प्रथिनांचं संकुल, सीडीसी६ आणि सीडीटी१. पुढे एस टप्पा सुरू करणारे सीडीके आणि डीडीके हे कायनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवून प्रथिनं चालू-बंद करणारी विकरं, आले की सीडीसी४५ आणि गिन्स हे भागीदार कड्याला येऊन मिळतात आणि कडं जागं होतं. जागं झालेलं हे कडं म्हणजेच डीएनएचे दोन पदर उलगडत पुढे जाणारं इंजिन, हेलिकेज.

इथे मला दरवेळी थांबावंसं वाटतं. १९८८ मध्ये ‘परवाना सुरुवातीच्या वेळी खर्च होतो’ असं लिहिताना कोणाच्या मनात काही रासायनिक बदल असेल, एखादा तुकडा पडत असेल. प्रत्यक्षात परवाना आणि इंजिन ही एकच वस्तू निघाली. ती कामाला लागली की जागा सोडून निघून जाते, म्हणून ती जागा बिनपरवान्याची होते. ज्या जागी कडं बसलं पण जागं झालं नाही, तिथून शेजारचं चालू इंजिन जाताना त्याला धाग्यावरून उठवून लावतं. त्यामुळे प्रत काढून झालेल्या तुकड्यावर परवाना शिल्लक राहत नाही. वेगळी शाई लावायची गरजच पडत नाही, चिठ्ठीच पाय फुटून चालायला लागते.

इथवर छान जुळलं. पण मूळ कल्पनेचा दुसरा अर्धा भाग लंगडा पडला. सस्तन प्राण्यांच्या पेशींत एमसीएम पाहिलं तर ते जी-२ टप्प्यातही केंद्रकातच होतं, डीएनएवरून सुटलेलं, पण आत. ज्याला पटल ओलांडता येत नाही असं मानलं होतं, तो आतच बसला होता. यीस्टमध्ये तर विभाजनातही केंद्रकपटल विरघळत नाही, तरी ‘एकदाच’चा नियम तिथेही पाळला जातो. खिडकी बंद करणारं कोणीतरी दुसरंच असणार होतं.

पाठ्यपुस्तकं बहुधा ही अडचण गाळून थेट अंतिम उत्तरावर जातात. विद्यार्थ्याला वाटतं, १९८८ मध्ये कल्पना मांडली, १९९५ मध्ये रेणू सापडला, विषय संपला. मला तर ही अडचणच या प्रकरणाचा गाभा वाटते.

खिडकी बंद करणारा

उत्तर आलं ते भलत्याच दिशेने. हार्वर्डमध्ये टॉमस मॅकगॅरी आणि मार्क किर्शनर बेडकाच्याच अंड्यांच्या रसात, विभाजनाच्या वेळी नष्ट होणारी प्रथिनं शोधत होते. विभाजन संपताना एपीसी नावाचं संकुल सायक्लिनवर नाशाची चिठी चिकटवतं, हे माहीत होतं. आणखी कोणाकोणावर चिकटवतं ते त्यांना पाहायचं होतं. १९९८ मध्ये त्यांच्या हाती एक लहान प्रथिन लागलं. नाव दिलं जेमिनिन. ते रसात घातलं की डीएनएची प्रत निघत नाही, आणि बारकाईने पाहिलं तर एमसीएमची कडी ओवलीच जात नाहीत.

जेमिनिन कोणाला धरतं हे २००० मध्ये कळलं. अनिंद्य दत्ता यांच्या गटाने माणसाच्या पेशींत दाखवलं की ते सीडीटी१ला मिठी मारतं. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या डंडी आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या गटांनी मिळून दाखवलं की परवान्याचा तो उरलेला बी भाग म्हणजे सीडीटी१च, आणि जेमिनिन रोखतं ते त्यालाच. सीडीटी१ जास्त घातलं तर जेमिनिनचा अडसर दूर होतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शोध एकाच दारात भेटले.

आता वेळापत्रक जुळतं. विभाजन संपताना एपीसी जागं होतं आणि एकाच झाडूने दोन गोष्टी साफ करतं: सायक्लिन आणि जेमिनिन. सायक्लिन गेलं म्हणजे त्याच्याविना न चालणारं सीडीके निपचित. आता सुरुवात होणं शक्य नाही. जेमिनिन गेलं म्हणजे सीडीटी१ मोकळं. आता कडी ओवता येतात. वाटप चालू, मतदान बंद. जी-१च्या शेवटी एपीसी मावळतं आणि सायक्लिन व जेमिनिन दोन्ही एकदमच साचू लागतात. वाटप बंद, मतदान चालू. दोन विरुद्ध कामं एकाच बटणाला जोडलेली असल्यामुळे ती एकाच वेळी चालू राहण्याची वेळ येत नाही.

यीस्टमध्ये जेमिनिन नाही. तिथे ओआरसी, सीडीसी६ आणि एमसीएम या सगळ्यांवर सीडीके स्वतःच एकेक करून बंदी आणतं. प्राण्यांनी भिस्त ठेवली ती मुख्यतः सीडीटी१वर, आणि त्याच्यावर दुहेरी पहारा बसवला. जेमिनिनची मिठी हा एक. दुसरा जास्त चतुर आहे: प्रत काढणाऱ्या यंत्रणेबरोबर पीसीएनए नावाची चकती डीएनएवर फिरत असते, सीडीटी१ तिला चिकटतं, आणि चिकटलेल्या अवस्थेत ओळखलं जाऊन नष्ट होतं. प्रत काढणं चालू आहे हाच सीडीटी१च्या मृत्यूचा हुकूम.

हे दोन पहारे एकमेकांना किती पुरतात ते २००५ मध्ये बेडकाच्या रसातच तपासलं गेलं. जेमिनिन काढून टाकलं, फारसं बिघडलं नाही. सीडीटी१चा नाश थांबवला, तरी फारसं बिघडलं नाही. दोन्ही एकदम केलं तेव्हा दुबार प्रत जोरात निघू लागली. माणसाच्या काही कर्करोग पेशींत एवढी सावधगिरीही दिसत नाही. तिथे जेमिनिन कमी केलं एवढ्यानेही दुबार प्रत सुरू होते. दत्ता यांच्या गटाने २००३ मध्ये सीडीटी१ आणि सीडीसी६ गरजेपेक्षा जास्त बनवायला लावलेल्या पेशींत हेच पाहिलं होतं. त्यात एक तळटीप महत्त्वाची: ज्या पेशींत पी५३ हे प्रथिन काम करत होतं त्यांनी गडबड ओळखून काम थांबवलं, ज्यांत ते नव्हतं त्या तशाच पुढे गेल्या.

परवाने कमी पडले तर

इतका वेळ जास्तीची भीती सांगितली. कमतरतेचंही थोडं सांगायला हवं. खिडकी एकदा बंद झाली की एस टप्प्यात नवा परवाना मिळत नाही. वाटेत दोन समोरासमोरची इंजिनं अडून बसली आणि मधे एकही राखीव कडं नसेल, तर तो तुकडा प्रतीविनाच राहील. म्हणून पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त कडी ओवून ठेवते. बहुतेक झोपलेलीच राहतात. ब्लो यांच्या डंडीतल्या गटाने २००७ मध्ये माणसाच्या पेशींतलं एमसीएम कमी करून पाहिलं: एरवी पेशी मजेत वाढल्या, पण हायड्रॉक्सीयुरिया देऊन इंजिनांचा वेग जरासा रोखताच मरू लागल्या. झोपलेली कडी अडचणीच्या वेळेसाठीच होती.

माणसात याचं रूप मायर-गॉर्लिन सिंड्रोम या दुर्मिळ आजारात दिसतं. उंची फार कमी, कान लहान, गुडघ्याची वाटी लहान किंवा नसलेलीच. २०११ मध्ये त्यामागची जनुकं सापडली ती ओआरसीचे तीन घटक, सीडीसी६ आणि सीडीटी१: परवाना वाटणारी अख्खी टोळी. २०१५ मध्ये काही रुग्णांत जेमिनिनच्या जनुकातच बदल आढळला, असा की एपीसीला त्याच्यावर नाशाची चिठी चिकटवता येत नाही. खिडकी उघडायलाच उशीर, आणि परिणाम तोच.

उलट बाजूने हेच ज्ञान निदानातही आलं. विश्रांत पेशी एमसीएम ठेवत नाहीत. गर्भाशयमुखाच्या निरोगी आवरणात ते फक्त खालच्या वाढत्या थरात सापडतं, वरच्या थरातल्या पेशींत नाही. केंब्रिजच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की स्मिअरमध्ये, म्हणजे वरून खरवडून घेतलेल्या नमुन्यात, आलेल्या पेशींत ते दिसलं तर खाली काहीतरी बिनसलंय.

आणि ज्यांना ही खिडकी डोळ्यांनी पाहायची असेल त्यांच्यासाठी जपानमधल्या रिकेन संस्थेत अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने २००८ मध्ये एक सोय केली. सीडीटी१चा तुकडा लाल चमकणाऱ्या प्रथिनाला जोडला, जेमिनिनचा तुकडा हिरव्याला. पेशी जी-१मध्ये असताना केंद्रक लाल, एस टप्प्याच्या तोंडाशी क्षणभर पिवळं, मग विभाजनापर्यंत हिरवं. वर्गात ही चित्रफीत लावली की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

पटल कशासाठी होतं?

एक हिशेब अजून राहिला. एमसीएमला आत-बाहेर करण्याशी केंद्रकपटलाचा संबंध नव्हता, हे मान्य. मग १९८८ मध्ये पटलाला भोकं पाडल्यावर दुसरी प्रत निघालीच कशी? प्रयोग खोटा नव्हता. नंतर माणसाच्या जी-२ केंद्रकांवरही तसाच प्रयोग झाला होता.

याचं उत्तर ब्लो यांच्याच गटाकडून २००२ मध्ये आलं. विभाजन संपताना बेडकाच्या अंड्यातलं सगळं जेमिनिन नष्ट होत नाही. बरंचसं उरतं, पण निष्क्रिय होऊन. पेशीद्रव्यात असेपर्यंत ते सीडीटी१ला धरत नाही. नवं केंद्रकपटल तयार झालं, त्यातली छिद्रं आयात करू लागली आणि जेमिनिन आत ओढलं गेलं, की ते जागं होतं आणि सीडीटी१ला जखडतं. रसात पटल बांधून होईपर्यंतच परवाने मिळतात ते यामुळे. आता भोकं पाडलेलं केंद्रक ताज्या रसात टाकल्यावर काय झालं असेल त्याचा अर्थ लागतो: आत साठलेलं जागं जेमिनिन बाहेर पसरून विरळ झालं आणि ताज्या रसातलं मोकळं सीडीटी१ आत शिरलं. ब्लो आणि लास्की यांनी पटलाला परवाना बाहेर अडवणारी भिंत मानलं होतं. बेडकाच्या अंड्यात ते पहारेकऱ्याला आत कोंडून जागं ठेवत होतं. डेन्व्हरमध्ये जी-२च्या केंद्रकाने शेजारच्या जी-१ला का रोखलं नाही, याचंही एक कारण इथेच दिसतं: पहारेकरी बांधलेला होता तो त्याच्या स्वतःच्या केंद्रकात.